पावसाळी बंदीऐवजी बीटवर माणसे द्या

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील जंगल रोहा वन विभागात येते. ते अभयारण्य नसल्याने तिथे प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही आणि पर्यटकांकडे बघायला वेगळा कर्मचारीही नाही. वर वनपरिक्षेत्र अधिकारी, मधे वनपाल आणि बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या हद्दीत, वनरक्षक, एवढीच रचना. चोरटी तोड व अतिक्रमण रोखणे आणि रोपवन ही वनरक्षकाची नेमून दिलेली कामे. वन्यजीव आणि पर्यटक त्याच माणसाच्या वाट्याला येतात.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम. त्याआधी आग पसरू नये म्हणून वनरक्षकाला जाळरेषा काढाव्या लागतात. कोकणात वणवा आपोआप लागत नाही. भातरोपांसाठी राब भाजताना ठिणगी उडते, गवत चांगले फुटावे म्हणून कोणी माळ पेटवतो, तर शिकारी जनावर उठवायला आग लावतो. डोंगरउतारावर बंब चढत नाही. हिरव्या डहाळ्यांनी झोडपूनच आग आटोक्यात आणावी लागते.

पावसाबरोबर सावित्रीतल्या मगरी वस्तीकडे सरकतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा शोधपथकांना पुराइतकीच मगरींचीही धास्ती होती. मगर नाल्यात किंवा शेतात आली की फोन वन विभागाला जातो. आधी तिच्या डोळ्यांवर ओले गोणपाट टाकतात. दिसेनासे झाले की ती निवळते. मग जबडा बांधतात. तो मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडण्याची इतकी किरकोळ की साधी दोरीही पुरते. भीती शेपटीच्या फटक्याची आणि त्याहून जास्त मोबाइल उंचावून पुढे घुसणाऱ्या गर्दीची. या गर्दीला मागे रेटण्यातच निम्मी शक्ती खर्ची पडते.

नेमक्या याच दिवसांत पर्यटक येतात. नाणेमाचीचा धबधबा, वरंध आणि आंबेनळी घाट शनिवार-रविवारी गजबजतात. वरंध घाटात भज्यांच्या टपऱ्यांजवळ माकडांना वेफर्स देण्याची हौस तर सुटता सुटत नाही. मग तीच माकडे हातातली पिशवी ओढतात आणि तक्रार पुन्हा वन खात्याकडे! अशा गर्दीवर प्रशासनाचा ठरलेला उपाय म्हणजे मनाई आदेश. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ दरीत पडून एका तरुणीचा मृत्यू झाला, त्यानंतर तर बंदीची मागणी आणखी वाढली.

बंदीने जीव वाचतात, हे म्हणणे सरसकट खोडून काढता येणार नाही. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात वाट बंद व्हायलाच हवी. पण अख्खा हंगाम बंदी घातली की हौशी लोक आडवाटेने जातात आणि आडवाटेवर सावध करायला कोणीच नसते. शिवाय धबधब्याखालच्या गावातल्या चहा-जेवणाच्या धंद्यावर पाणी पडते. जंगलाला लोक वैरी समजू लागले, तर वणव्याची आणि शिकाऱ्यांच्या फाशांची खबर वनरक्षकाला देणार कोण?

रायगड जिल्ह्यातच दुसरा मार्ग दिसतो. १९६८ च्या कर्नाळा अभयारण्यात प्रवेशशुल्क भरून आत जाता येते. महाडच्या ‘सिस्केप’ संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगावला वन विभाग आणि ग्रामस्थांना बरोबर घेऊन गिधाडे राखली. म्हणजे अभयारण्याचा दर्जा नसला तरी राखण होऊ शकते.

तेव्हा गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना जून ते सप्टेंबर प्रवेशशुल्क घेण्याचे अधिकार द्यावेत आणि त्या पैशातून स्थानिक तरुणांना हंगामी मजुरीवर नेमावे. कातकरी आणि धनगर वाड्यांतल्या तरुणांना पाण्याचा लोंढा कधी येतो, शेवाळलेली कातळवाट कुठे दगा देते, हे कोणी शिकवावे लागत नाही. दोर, शिट्टी, वॉकीटॉकी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण तेवढे पुरवावे लागेल. याच तरुणांना फेब्रुवारीपासून जाळरेषांवर काम दिले, तर बीटवरच्या वनरक्षकाला खैरचोर आणि खवले मांजराचे शिकारी यांच्या मागावर जायला सवड मिळेल. शुल्काचा हिशेब ग्रामसभेपुढे दर महिन्याला मांडण्याची अट मात्र आदेशातच असावी; नाहीतर पावती एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा, हे व्हायला वेळ लागत नाही.