ब्रेक बायसचे भाविक

अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड, रेसिंग गेम खेळणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात जाऊन बसा. थोड्याच वेळात कोणीतरी विचारतोच, “भावा, ब्रेक बायस किती ठेवलायस?” ब्रेकच्या एकूण जोरापैकी पुढच्या चाकांना किती टक्के, एवढाच तो प्रश्न. उत्तर आकड्यात येतं. ५४. नाहीतर ५६.४. आकडा मिळाला की विचारणारा तृप्त होऊन निघतो. गाडी कोणती, टायर कसले, टाकीत इंधन किती, पेडल कुठलं, ट्रॅक ओला की कोरडा, यातलं त्याने काही सांगितलेलं नसतं आणि उत्तर देणाऱ्याने काही विचारलेलं नसतं. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पास झालेली ही मंडळी. गेममध्येही त्यांना अपेक्षितच लागतं.

वर एक वेगळा पंथ आहे, तो ५०-५० वाल्यांचा. दोन्हीकडे सारखं वाटलं की न्याय झाला, अशी यांची समजूत. अरे, गाडी म्हणजे वडिलोपार्जित जमीन आहे का, भावाभावांत निम्मी निम्मी करायला?

ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो. किती सरकतो याचा हिशेब नववीच्या पोरालाही जमेल. १२०० किलोची गाडी घ्या. उभी असताना ६० टक्के भार पुढच्या चाकांवर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर. कोरड्या ट्रॅकवर १ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या जोराने, ब्रेक लागला तर मागचा २४० किलो भार पुढे येतो. पुढे ९६०, मागे २४०. म्हणजे ८०-२०. तिथे मागच्या चाकांना निम्मा ब्रेक दिलात तर ती आधी लॉक होणार, गाडीची शेपटी पुढे येणार आणि तुम्ही आलात त्या दिशेला तोंड करून उभे राहणार. खुशाल राहा.

आता तीच गाडी पावसात काढा. पकड निम्मी झाली, ब्रेक जेमतेम ०.५ जीचा लागतोय. सरकणारा भारही निम्मा, १२० किलो. पुढे ८४०, मागे ३६०. म्हणजे ७०-३०. साधा अर्थ असा की पावसात बायस थोडा मागे न्यायचा असतो. आमचे भाविक काय करतात? स्क्रीनवर पहिला थेंब पडला की घाबरून बायस पुढे ढकलतात. पुढची चाकं लॉक होतात, स्टीअरिंग कितीही वळवलं तरी गाडी नाकासमोर चालत भिंतीत जाते, आणि साहेबांचा निकाल तयार असतो: “गेमचं फिजिक्सच फालतू आहे.” दर जून ते सप्टेंबर एलबीएस मार्गाच्या ओल्या पेव्हर ब्लॉकवर घसरत जगणाऱ्या माणसाने हे बोलावं!

याहून जास्त करमणूक हवी असेल तर एबीएस चालू ठेवून बायसवर भांडणाऱ्यांना ऐका. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये हा काटा उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत फिरतो. उणे म्हणजे पुढे. उणे एक बरा की उणे दोन, यावर रात्री दोनपर्यंत खल चालतो. चाक लॉक होऊ द्यायचं नाही यासाठीच एबीएस असतं, त्यामुळे एका क्लिकचा बराचसा फरक ते परस्पर गिळून टाकतं, हे कोणाच्या गावी नाही.

यांची आसनव्यवस्थाही बघून घ्या. वन बीएचकेमधलं जेवणाचं टेबल, त्याला आवळलेलं स्टीअरिंग, खाली फरशीवर सरकणारं पेडल आणि बसायला चाकांची ऑफिसची खुर्ची. मोन्झाच्या ट्रॅकवर पहिल्या वळणाला याने ब्रेक हाणला की खुर्ची मागे जाऊन फ्रिजवर आदळते. खुर्चीला ब्रेक नाही आणि हा गाडीच्या ब्रेकमधला दशांश टक्का शोधतोय. त्यातून साधं पेडल किती खाली गेलं ते मोजतं, लोडसेलवालं पेडल किती जोर लावला ते मोजतं. दोघांच्या पायांना एकच आकडा कसा चालेल? कंट्रोलरचं ट्रिगर बोटाने ओढणाऱ्याची तर गोष्टच निराळी.

वेगवान खेळाडूचा सेटअप चोरणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. वेगवान माणूस वळणात शिरतानाही ब्रेक सोडत नाही, हळूहळू कमी करत नेतो. गाडीचं नाक आत वळावं म्हणून तो बायस मुद्दाम मागे ठेवतो, कारण मागून सुटू पाहणारी गाडी पायाने सांभाळायची त्याला सवय असते. तुम्ही ब्रेकवर दणका मारून एकदम सोडणारे. तुमच्या हातात ती गाडी भोवरा होणार. फॉर्म्युला वनचा चालक तर एका लॅपमध्ये वळणागणिक बायस फिरवतो. जेहान दारूवाला मुंबईचाच पोरगा, २०२० साली साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. उद्या त्याचा आकडा तुमच्या हाती लागला, तरी त्याचा पाय कुठून आणणार?

आणि हाच दशांशवाला सकाळी स्कूटरवर कसा जातो ते वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बघा. डाव्या हाताचा मागचा ब्रेक तेवढा त्याला ठाऊक. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटा पडशील, असं कुठल्यातरी काकांनी लहानपणी सांगितलेलं. भार पुढे जातो तेव्हा थांबवण्याची ताकद पुढच्याच चाकात असते, हे त्याला रात्री गेममध्ये कळतं आणि सकाळी अंधेरीच्या उड्डाणपुलावर कळत नाही. अशा लोकांचं काय करावं हे सरकारलाही सुचेना, म्हणून १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक नाहीतर एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी म्हणजे मागचा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. तुमच्या हातून बायस काढून घेतला, बाबांनो, आणि ठीकच केलं.

बायस शोधायची रीत अगदी बिनखर्चाची आहे. एबीएस बंद करा. लांब सरळ रस्त्यानंतरचं एकच वळण धरा. दरवेळी एकाच खुणेला ब्रेक लावा, चाक लॉक होईपर्यंत जोर वाढवत न्या, आणि रिप्ले लावून बघा कुठलं चाक आधी थांबलं. पुढचं थांबलं तर एक क्लिक मागे, मागचं थांबलं तर एक क्लिक पुढे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित आधी थांबतील तिथे हात आवरा. इंधन बदललं, टायर बदलले, पाऊस आला की पुन्हा तेच. एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो, मोबाईल काढतो आणि विचारतो, “ते ठीक आहे, पण तू स्वतः किती ठेवतोस?”