हवा थांबली म्हणजे टायर सावरला?

पावसाळा सुरू झाला की रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानांत दोन तक्रारी हमखास वाढतात. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटून टायरच्या बाजूला फुगा आलेला असतो, नाहीतर काँक्रीटच्या तुटक्या कडेने किंवा उघड्या सळईने बाजू चिरलेली असते. दुकानदार चिरलेल्या जागी आतून पॅच मारतो, हवा भरतो, साबणाचे पाणी टाकून बुडबुडा येत नाही हे दाखवतो आणि म्हणतो, ‘बिनधास्त चालवा.’ गाडीवाल्यालाही तेच ऐकायचे असते, कारण चार-पाच हजारांचे काम काहीशे रुपयांत भागलेले असते. या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी एकच समज आहे: हवा निघत नाही, म्हणजे टायर दुरुस्त झाला. ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातल्या, खिळ्याच्या पंक्चरपुरता हा समज बऱ्याच अंशी चालून जातो. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, बाबतीत मात्र तो साफ चुकीचा आहे आणि कारच्या साइड कटवर मारलेला पॅच ही दुरुस्ती नव्हेच, असे माझे म्हणणे आहे.

टायरमधल्या हवेचा जोर रबर पेलत नाही, रबराच्या पोटात बसवलेले धागे पेलतात. अनेक कारच्या टायरवर ही रचना बारीक अक्षरांत छापलेलीच असते. ट्रेडखाली पॉलिएस्टरचा एक थर, स्टीलचे दोन आणि बहुधा नायलॉनचा एक. साइडवॉलमध्ये मात्र पॉलिएस्टरचा एकच, फार तर दोन. म्हणजे खिळा जिथे घुसतो तिथे चार थरांची तटबंदी आणि खड्ड्याची कड जिथे लागते तिथे एका थराचा पडदा. तो थरही कसा, तर धागे एकमेकांना समांतर, रिमला घट्ट बसणाऱ्या एका तारेच्या कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत सरळ गेलेले. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरचे हेच वैशिष्ट्य. आपल्याकडे जेके टायरने 1977 मध्ये रेडियल आणले आणि आज कारला सर्रास तेच असतात. त्याआधीच्या क्रॉसप्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जात. एका थराला काप गेला तरी दुसऱ्या दिशेचे धागे थोडा भार उचलत. रेडियलच्या एकपदरी साइडवॉलमध्ये हा शेजारधर्म नाही. दहा धागे तुटले की त्यांचा सगळा ताण कापाच्या दोन्ही टोकांच्या धाग्यांवर येतो, आणि पुढे तुटायची पाळी त्यांची असते. ‘पूर्वी तर आम्ही ट्रकचे टायरसुद्धा साइडने सांधायचो’ हा जुन्या कारागिरांचा दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही. ते खरे सांगतात, पण वेगळ्या टायरबद्दल.

ताण म्हणजे किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. 33 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलोचा दाब. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद तुकड्यावर, म्हणजे साधारण तळहातभर जागेवर, सुमारे 230 किलोचा जोर आतून सतत ढकलत असतो. ही झाली उभी गाडी. 185/65 आर15 मापाच्या टायरचा घेर सुमारे 1.95 मीटर भरतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो आणि दर फेरीला साइडवॉलचा प्रत्येक भाग जमिनीपाशी आला की एकदा दबून फुगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये असे सुमारे 48 हजार वेळा घडते. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टोकापासून टोकापर्यंत गेलात तर साडेतीन लाखांहून जास्त वेळा. ट्रेडचा पट्टा स्टीलमुळे ताठ असतो, म्हणून तिथे बसवलेला मशरूम पॅच, म्हणजे देठ असलेले छत्रीसारखे ठिगळ, जागचा हलत नाही. साइडवॉलचे कामच वाकण्याचे आहे. तिथला पॅच दर फेरीला वाकतो, त्याच्या कडेला रबर तापते, सुटू लागते. आणि समजा तो जन्मभर घट्ट चिकटून राहिला, तरी त्याने केले काय? हवेची वाट बुजवली. तुटलेला धागा तुटलेलाच राहिला. सुंभ तुटलेल्या बाजेवर चादर नीट ताणून घातली म्हणून बाज माणसाचा भार घेत नाही.

फुग्याबद्दल तर आणखी चमत्कारिक सल्ले मिळतात. ‘हवा थोडी कमी ठेवा, फुगा बसेल’ हा त्यांतला सर्वांत घातक. खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमट्यात साइडवॉल सापडते, आतले धागे तुटतात, बाहेरचे रबर शाबूत राहते आणि धाग्यांचा आधार गेलेली जागा हवेच्या दाबाने बाहेर येते. तो हा फुगा. हवा कमी केल्याने तो दिसायला लहान होईल, पण चाक जास्त दबेल, साइडवॉल जास्त वाकेल, जास्त तापेल आणि पुढचा खड्डा रिमपर्यंत आणखी सहज पोहोचेल. फुग्याला इलाज नाही. त्या जागी फक्त रबर उरले आहे. मोठ्या रिमच्या हौसेने हे दुखणे वाढवले आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. 165/80 आर14 टायरच्या साइडवॉलची उंची 132 मिलिमीटर असते, 195/55 आर16 ची 107. धक्का जिरवायची जागाच अडीच सेंटिमीटरने घटते आणि वर आपले रस्ते आपलेच.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो: ‘माझा पॅच मारलेला टायर दोन वर्षे चालला, काहीही झाले नाही.’ चालला असेल. शहरात ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, एकट्या माणसाला घेऊन तो आणखीही चालेल. पण असे दाखले गोळा होतात ते चाललेल्या टायरचेच. ज्याचा फुटला तो गिऱ्हाईक त्या दुकानात परत येत नाही, म्हणून दुकानदाराच्या खात्यावर अपयशाची नोंदच होत नाही आणि तो खोटे न बोलताही चुकीची हमी देतो. साइडवॉल फाटते ती बहुतेक वेळा भर वेगात, पूर्ण भारात आणि उन्हात, आणि ट्रेडच्या पंक्चरसारखी हळूहळू नव्हे तर एकदम. मात्र उलट बाजूने अतिशयोक्ती करण्याचेही कारण नाही. महामार्गावरच्या प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडायची आपल्याकडे सवय आहे. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन 25 जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही टायर फुटल्याचे आधी सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत तसे आढळले नाही. साइडवॉलचा धोका सिद्ध करायला अशा उसन्या पुराव्याची गरज नाही. साइडवॉलची रचनाच पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो कायद्याच्या आधाराने येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 94 वा नियम म्हणतो की टायरच्या कोणत्याही भागातल्या व्हल्कनाइझ न केलेल्या, म्हणजे उष्णतेने रबर न सांधलेल्या, कापामुळे आतले कापड उघडे पडले असेल किंवा साइडवॉल सुटू लागल्याची चिन्हे असतील, तर तो टायर सुस्थितीत धरू नये. याचा अर्थ व्हल्कनाइझ केलेला काप चालतो, असा युक्तिवाद करता येतो. ब्रिटनचे टायरदुरुस्तीचे मानकही साइडवॉलमधली ‘मोठी दुरुस्ती’ सरसकट नाकारत नाही. अमेरिकेतल्या टायर उद्योगाची भूमिका कडक आहे: दुरुस्ती फक्त ट्रेडमध्ये, छिद्र 6 मिलिमीटरपर्यंत आणि टायर रिमवरून उतरवूनच. मग ब्रिटिश बरोबर की अमेरिकन? माझ्या मते प्रश्न तसा नाहीच. ब्रिटिश मानकाने ज्याला दुरुस्ती म्हटले आहे तिच्यात खास कारखाना, टायरची आतून-बाहेरून तपासणी, तुटलेल्या धाग्यांची जागा घेणारा धागेयुक्त पॅच आणि ठरावीक तापमानाला तो शिजवणे हे सगळे गृहीत आहे. आपल्या नाक्यावरचा ‘व्हल्कनायझिंग’चा फलक म्हणजे एक तापणारी पकड आणि कच्च्या रबराचा तुकडा. ती रबराला रबर जोडते. पॉलिएस्टरला पॉलिएस्टर जोडत नाही. खरी दुरुस्ती लाखांच्या घरातल्या खाणयंत्रांच्या टायरला परवडते, उसाच्या ट्रॉलीला जोडलेल्या मंद ट्रॅक्टरलाही शोभते. कारच्या टायरला ती करायची म्हटली तर खर्च नव्या टायरच्या जवळ जातो. आणि नियमाने बंदी घातलेली नाही एवढ्यावरून कुटुंबाला मागे बसवून ताशी शंभरने जाण्याइतकी खात्री मिळत नाही.

तिसरा आक्षेप टायर विक्रेत्यांच्या हेतूवर आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे: ‘शोरूमवाल्यांना टायर विकायचे असतात, म्हणून ते प्रत्येक ओरखड्याला भीती घालतात.’ घालतात खरे. पदपथाच्या कडेला घासून वरचे रबर खरवडले गेले असेल, पण नख फिरवल्यावर धागा लागत नसेल आणि त्या जागी उंचवटा नसेल, तर तो टायर चालवायला हरकत नाही. साइडवॉलवर ट्रेडकडून रिमकडे जाणारी बारीकशी दबलेली खाच दिसली तरी घाबरू नये. पॉलिएस्टरच्या थराची दोन टोके जिथे एकमेकांवर येतात तिथे तो भाग अधिक ताठ असतो, हवा भरल्यावर तो इतरांइतका बाहेर येत नाही. खाच निर्धोक, उंचवटा धोक्याचा. एवढा एक भेद माहीत असला तरी विक्रेत्याची निम्मी भीती गळून पडते. पण याच न्यायाने, ज्यात बाहेरून काहीच दिसत नाही असा बिघाडही ओळखता आला पाहिजे. पंक्चर झालेल्या चाकावर गाडी दोन-तीन किलोमीटर रेटली की साइडवॉल रिमखाली चेपली जाते आणि आतून झिजते. असा टायर रिमवरून उतरवला की पोटातून काळी रबराची पूड आणि वळलेले बारीक कण गळतात, आणि आतल्या अंगाला सगळीकडे फिरलेला एक खरबरीत पट्टा हाताला लागतो. ट्रेडमध्ये खिळा एवढासाच असतो. टायर मेलेला असतो तो बाजूने. टायर न उतरवता बाहेरूनच छिद्रात रबराची स्ट्रिप ठोसून मोकळे होण्याच्या आपल्या घाईत हे कोणालाही दिसत नाही. म्हणूनच स्ट्रिपची सोय ही घरी पोहोचण्यापुरती समजावी.

उरला पैशाचा प्रश्न, आणि टॅक्सीचालकाला तो चुकवता येत नाही. त्याला दिले जाणारे तीन स्वस्त सल्ले मात्र तिन्ही महाग पडतात. आत ट्यूब टाकली तर काप ट्यूबला चावत राहतो आणि साइडवॉलची ताकद होती तेवढीच राहते. तो टायर मागच्या चाकाला लावावा, तर मागचे चाक फुटल्यावर गाडीचे शेपूट फिरते आणि ती आवरणे पुढच्या चाकापेक्षा अवघड जाते. स्टेपनीत ठेवावा, तर स्टेपनी लागते ती नेमकी रात्री, महामार्गावर, दुसरा उपाय नसताना. 2020 च्या दुरुस्तीनंतर पंक्चरचे किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनीतून सूट मिळाली, पण किटमधले द्रव साइडवॉलचा काप बुजवू शकत नाही, हे घेताना कोणी सांगत नाही. विम्यावरही भिस्त नको: नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही, गाडीचेही नुकसान झाले तरच टायरचा निम्मा खर्च मिळतो. मात्र चारही टायर बदला, असा आग्रह कोणी धरला तर तो मोडून काढावा. त्याच मापाचा, त्याच भारक्षमतेचा एक टायर पुरतो. फक्त एका आसावर दोन्ही बाजूंची झीज फार वेगळी नसावी आणि चांगली जोडी मागे असावी.

आणि जुना टायर दुकानात तसाच सोडून येऊ नका. आतून ठिगळ, बाहेरून काळे पॉलिश एवढ्यावर तो सेकंडहँडच्या थप्पीत जाऊन बसतो. पैसे देण्याआधी त्याची साइडवॉल तुमच्यासमोर आरपार कापायला सांगा.