दोष सांगावा, पण कसा?



दोष दाखवला की माणूस दुरावतो, ही समजूत आपल्या घराघरांत पक्की बसलेली आहे. म्हणून आपण एक तर गप्प राहतो, नाही तर टोमणा मारतो. दोष नीट शब्दांत, योग्य माणसाला, दुरुस्तीच्या हेतूने सांगणं हे तिसरं काम आहे आणि ते शिकावं लागतं, असं माझं मत आहे. आज त्यासाठी एक उदाहरण देते. ते स्वयंपाकघरातलं नाही, संगणकाच्या जगातलं आहे. पण घाबरू नका, मीही बी.कॉम.च आहे.

माझा भाचा पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात आहे. दिवाळीत भातकुलीला आला की त्याला प्रश्न विचारून मी भंडावते. त्याचं काम 'व्हर्च्युअल मशीन'चं. आपल्याकडचा जुना वाडा आठवा. एकच वाडा, पण आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळं. तसं एकाच मोठ्या संगणकात अनेक संगणक असल्याचा भास निर्माण करायचा आणि प्रत्येकाला वाटावं की हे यंत्र माझ्या एकट्याचं आहे. कितीतरी कंपन्यांची कामं आज अशा भाड्याच्या खोल्यांत चालतात. मधल्या भिंती पक्क्या असणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण शेजारच्या बिऱ्हाडातून कोणी आपल्या तिजोरीपर्यंत आलं तर संपलंच.

या भिंती बांधणारे दोन प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे क्यूईएमयू आणि केव्हीएम. पहिला फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 2003 मध्ये सुरू केला, दुसरा 2007 मध्ये लिनक्समध्ये सामील झाला. दोन्ही 'ओपन सोर्स', म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कोणीही वाचावा, चूक दिसली तर कळवावी, जमलं तर दुरुस्ती पाठवावी. रेड हॅट या कंपनीचं पुण्यात मोठं कार्यालय आहे आणि तिथल्या अभियंत्यांचाही या कामात हात आहे. क्यूईएमयूच्या दुरुस्त्यांच्या नोंदींत आपली मराठी आडनावं दिसतात, याचा मला फार आनंद वाटतो.

आता एक खरी गोष्ट. 2015 च्या मे महिन्यात क्यूईएमयूमधला एक मोठा दोष जाहीर झाला. त्याचं नाव 'व्हेनम'. क्राउडस्ट्राइक या कंपनीतल्या जेसन गेफनर यांनी तो शोधला. दोष कुठे होता? फ्लॉपीच्या कोडमध्ये! त्या चौकोनी चकत्या आठवतात ना? मुलं त्यांवर शाळेचे प्रोजेक्ट न्यायची. फ्लॉपी कधीच गेली, पण तिच्यासाठीचा कोड आतच राहिला. त्यात येणारी माहिती साठवायला 512 बाइटांचं ठरावीक भांडं होतं. एरवी ते भरलं की मोजणी पुन्हा शून्यावर यायची, पण एकदोन आज्ञांच्या वेळी ती येत नव्हती. मग भांडं भरून माहिती बाहेर सांडायची आणि त्या सांडण्यातूनच भिंतीला भगदाड पाडता आलं असतं. हा कोड 2004 पासूनचा. 11 वर्षं तो सगळ्यांसमोर उघडा होता आणि तरी कोणाला दिसला नाही. दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची निघाली.

यातून मी पहिली गोष्ट घेतली ती ही की, उघडं ठेवणं पुरेसं नसतं, कोणीतरी बसून पाहावं लागतं. हिशेबाची वही टेबलावर पडून आहे म्हणजे ती तपासली गेली असं होत नाही. आणि दोष बहुधा रोज हात लागतो तिथे सापडत नाही, वापरात नसलेल्या कोपऱ्यात दडून बसतो. माळ्यावरचं सामान, बंद पडलेलं जुनं बँक खातं, वारसाचं नाव न बदललेली ठेव, हे आपल्या घरातले फ्लॉपीचे कोपरे.

दुसरी गोष्ट कळवण्याच्या पद्धतीची. "चालत नाही हो" एवढं कळवलं तर या मंडळींना ते उपयोगाचं नसतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कोणती आवृत्ती आहे, आणि तसंच पुन्हा केलं तर पुन्हा घडतं का, इतकं सांगावं लागतं. आपल्या शिलाई मशीनला लावून पाहा. "मशीन बिघडली" म्हटलं तर कारागीर काय करणार? "जाड कापडावरच धागा तुटतो, पातळ कापडावर तुटत नाही, सुई कालच बदलली आहे" असं सांगितलं तर अर्धं काम झालंच. डॉक्टरांकडेही आपण "बरं वाटत नाही" एवढंच म्हणतो आणि बाकीचं घरी येऊन आठवतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. कोणीही केलेला बदल तसाच आत घेत नाहीत. आधी दुसरा माणूस तो ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, बदल परत पाठवतो. करणारा सुधारून दुसऱ्यांदा पाठवतो, तिसऱ्यांदा पाठवतो, आणि मागच्या वेळेपासून काय बदललं तेही लिहितो. बोलणं त्या कोडबद्दल असतं, "तुला कधी जमलंय का?" असं नसतं. तिथेही कडू बोलणारे आहेत, पण पद्धत अशी आहे. सुनेच्या भाजीबद्दल "मीठ थोडं पुढे गेलं" म्हणणं हा रिव्ह्यू. "तुमच्याकडे असंच खातात वाटतं" म्हणणं हा टोमणा. भाजी दोन्हींत तीच, पण पहिल्याने उद्याची भाजी सुधारते, दुसऱ्याने घर बिघडतं.

बदल मंजूर झाला की त्यासोबत नावं कायमची नोंदली जातात. दोष कोणी कळवला, कोणी तपासला, कोणी सही केली. दोष दाखवणाऱ्याचं नाव तिथे मानाने लिहितात! आणि सही म्हणजे जबाबदारी, हे आमच्या कॉमर्सवाल्यांना वेगळं सांगायला नको. क्यूईएमयूने 2025 मध्ये ठरवलं की एआयकडून लिहून घेतलेला कोड घ्यायचा नाही, कारण तो मुळात कुठून आला याची हमी सही करणाऱ्याला देता येत नाही. व्हाउचरशिवाय खर्च टाकू नये, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला तर उपगूहन शिकवलं आहे, दुसऱ्याचा दोष झाकावा. बरोबर आहे. पण त्या आठ अंगांत उपगूहनानंतर लगेच स्थितिकरण येतं हे आपण विसरतो. जिनेंद्रभक्त शेठाची कथा आठवा. चोराला त्याने लोकांसमोर झाकलं, धर्माची निंदा होऊ दिली नाही. पण एकांतात त्याची कानउघाडणी केली आणि त्याला घरात ठेवलं नाही. म्हणजे झाकणं हे बोभाटा टाळण्यासाठी होतं, दोष तसाच राहू देण्यासाठी नव्हतं. संगणकवाले धोक्याच्या दोषाबाबत साधारण हेच करतात. व्हेनमची माहिती आधी जबाबदार लोकांना खासगीत कळवली गेली, दुरुस्ती तयार झाली, मग जगाला सांगितली. आधीच बोभाटा झाला असता तर चोरांनाच वाट मिळाली असती, आणि कायम झाकून ठेवलं असतं तर आपली भिंत फुटकी आहे हे कोणाला कळलंच नसतं.

ही पद्धत सर्वगुणसंपन्न आहे असंही नाही. 2024 मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला. तो प्रोग्राम एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला होता. मदतीला आलेल्याने दोनएक वर्षं गोड वागून विश्वास मिळवला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, आणि त्याने "चालायचंच" न म्हणता मुळाशी जाऊन पाहिलं. अर्धा सेकंद! आपण महिनोन् महिने वाढलेलं विजेचं बिल निमूट भरतो.

म्हणून माझं म्हणणं आपल्या मंडळांबद्दल आहे. एका महिला मंडळात मी पाहिलं आहे, वर्षानुवर्षं एकीच्याच हाती पैसा आणि वही. एका नव्या सुनेने भिशीच्या आकड्यांबद्दल साधा प्रश्न विचारला, तर "आमच्यावर अविश्वास?" म्हणून केवढं रामायण झालं. ती सून पुन्हा आली नाही. आकडे बरोबर होते की चूक, हे आजही कोणाला माहीत नाही. नुकसान मंडळाचं झालं आणि त्या प्रामाणिक बाईचंही झालं, कारण वही तपासली असती तर तिच्यावरचा संशय कायमचा मिटला असता. तपासणी ही खजिनदाराची ढाल असते. आणि एकीवरच सगळा भार टाकून तिला थकवणं, हाही आपलाच दोष.

येत्या पर्युषणाआधी एवढं करून पाहू. मंडळाची वही दरवर्षी दुसऱ्या दोघी तपासतील आणि सही करतील. जिने चूक दाखवली तिचं नाव इतिवृत्तात आभारासह लिहायचं. आणि चूक निघाली तर आधी एकांतात सांगायचं, दुरुस्त करायचं, मग सभेत मांडायचं. क्षमावाणीला आपण सगळ्यांची क्षमा मागतोच. दुरुस्त केलेली वही समोर ठेवून ती मागितली तर तिला जास्त वजन येईल.