कष्टाची मिळकत आणि घराचा तोल

गरिबीतून वर आलेल्या पुरुषाचे चरित्र आपण आवडीने वाचतो व मुलांसही वाचावयास देतो. हे योग्यच आहे. परंतु अशा चरित्रांत एक हिशेब बहुधा अपुरा राहतो. बालपणीचे हाल सोसून मनुष्य कमावता झाला, म्हणजे त्याचा संसारही सुखाचा झाला, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः मिळकत करणे ही एक गोष्ट व घर उभे राहणे ही दुसरी. पहिलीस एकाचे कष्ट पुरतात. दुसरीस घरातील दुसऱ्या माणसाचे ज्ञान, मत व हक्क ही तिन्ही लागतात. आपल्याच जिल्ह्यातील एका थोर घराच्या इतिहासावरून हे पाहता येईल.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे आजोळी झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरूड गावी गेले. घरची स्थिती ओढगस्तीची होती. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांसह पावसापाण्यात, घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेला. तेथे त्याची चण पाहून वय कमी दिसते असे ठरले व परीक्षेस बसू दिले नाही. तशीच पायपीट करीत तो घरी परतला; पुढे कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उतरला. मॅट्रिक होण्यास 1881 साल उजाडले, तेव्हा वय तेवीस होते. 1884 साली ते बी. ए. झाले. नंतर मुंबईत शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला.

चरित्र येथे थांबविले, तर कष्टाचे फळ मिळाले असे म्हणून आपण पान उलटू. पण खरी परीक्षा पुढेच होती. 1891 साली प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. मागे लहान मुलगा राहिला. त्याच वर्षी कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. 1893 साली त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या मंडळींनी बहिष्कार घातला व त्याची झळ गावात राहणाऱ्या आप्तांसही लागली. या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, ज्यांस सर्व लोक 'बाया' म्हणत. पंडिता रमाबाईंनी 1889 साली काढलेल्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या.

1896 साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आपल्या आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी संस्थेस देऊन टाकली. दान थोर होते यात संशय नाही. पण घरात मुले लहान, वेतन बेताचे, आणि उद्या बरेवाईट झाल्यास निर्वाहाची चिंता ज्या स्त्रीच्या माथी पडावयाची, तिच्या मनास ते कसे लागले असेल? बायांनी आपल्या 'माझे पुराण' या आत्मकथेत संसारातील अशी दुखणी आडपडदा न ठेवता लिहून ठेविली आहेत. हे पुस्तक प्रत्येक कर्त्या पुरुषाने वाचावे. परोपकारी व निष्कपट पुरुषाच्या हातूनही घराचा तोल सुटू शकतो, हे त्यावरून कळते.

तरीही ते घर मोडले नाही. आमच्या मते याचे कारण एकच, की बाया शिकलेल्या होत्या. त्यांस स्वतःचे मत होते, ते बोलून दाखविण्याचे धैर्य होते, व प्रसंगी चार पैसे मिळविण्याची हिंमत होती. पतीच्या कार्यावर त्या रुसल्या, आणि पुढे त्याच कार्यासाठी त्यांनी वर्गणीही गोळा केली. मुलेही आपापल्या वाटेने गेली. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रचारात जन्म घालविला, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव अध्यापनात शिरले व भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राबले. बापाने कोणास एका साच्यात घातले नाही. अण्णासाहेब कर्वे 1962 साली, वयाची शंभरी ओलांडून, निवर्तले. साताऱ्याची पायपीट या यशाचा पाया खरा. परंतु भिंती दोघांनी मिळून रचल्या.

आता आपल्या घरांकडे वळू. आपला शेतकरी कष्टास कमी नाही. मुंबईत राबून, पै पै साठवून त्याने कलमे लाविली, घर कौलारू केले. पण जन्मभर सोसलेल्या ओढगस्तीचा एक दोष त्याच्या अंगी राहतो. तो कोणावर विश्वासत नाही. कर्ज किती, येणे किती, कोणता सर्व्हे नंबर कोणाच्या नावे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. लावणीपासून काजूच्या बियांपर्यंत सर्व पाहणाऱ्या पत्नीस पेटीतील कागद मात्र दाखवावयाचे नाहीत. महसुली कारकुनीत हयात गेल्यामुळे याचा शेवट आम्ही वारंवार पाहिला आहे. धनी गेल्यावर विधवा चावडीवर येते, आणि तिला आपल्या जमिनीचा गट नंबरही सांगता येत नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या वेळी ज्यांच्या उताऱ्यावर मयत आजोबांचे नाव व डझनभर सहहिस्सेदार होते, त्यांच्यापुढे नुकसानभरपाई कोणाच्या खात्यावर जमा करावयाची हा प्रश्न उभा राहिला. वादळ सर्वांवर सारखेच आले. कागद नीट असलेला लवकर सावरला.

कायदा या बाबतीत आपल्यापुढे गेला आहे. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेस व मुलीस मुलाबरोबरीचे वारस मानले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली दिला. पतीने स्वखुशीने पत्नीचे नाव आपल्याबरोबर सातबारावर लावावे, यासाठी 1992 साली लक्ष्मी मुक्ती योजना निघाली. वारसाने हक्क प्राप्त झाल्यावर तीन महिन्यांत तसे कळवावे, असे जमीन महसूल संहिताच सांगते.

कोणी म्हणेल, नावे वाढली की भांडणे वाढतील. आमचा अनुभव उलट आहे. भांडण नावाने होत नाही. लपविलेल्या व्यवहाराने होते. जे हयातीत सर्वांसमक्ष ठरते, त्यावर मागाहून दावे क्वचितच लागतात. मुलीकडून हक्कसोडपत्र घ्यावयाचे तर तिला त्यातील मजकूर वाचून दाखवून व पूर्ण समजावून घ्यावे; माहेरच्या प्रेमाच्या भिडेने घेऊ नये.

तेव्हा शेतकरी बंधूंनी एवढे करावे. भाताची कापणी आटोपून हात मोकळे झाले, म्हणजे एक संध्याकाळ राखून ठेवावी. पत्नी, मुलगे, मुली व सुना यांस बसवून सातबारा, आठ-अ, कर्जाची पावती, विम्याचा कागद व बँकेचे पुस्तक पुढे ठेवावे आणि मोठ्याने वाचावे. कोणी प्रश्न विचारला तर रागावू नये. पुढील महिन्यात पत्नीचे नाव लावण्याचा अर्ज द्यावा. आपण लहानपणी जे हाल सोसले ते मुलांच्या वाट्यास येऊ नयेत, अशी प्रत्येक बापाची इच्छा असते. ती इच्छा पैशाने अर्धीच पुरी होते. उरलेली अर्धी या एका संध्याकाळी पुरी करता येईल.