राज्यगीतातील तट्टू

महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा मोठ्या अभिमानाने उल्लेख आहे. २०२३ मध्ये या गीतास राज्यगीताचा मान मिळाला. कळंबच्या शाळांतील मुलेही ते खड्या आवाजात गातात. पण सुगी सरल्यावर शिवारात मेंढरे बसावयास येतात, तेव्हा पाठीवर बिऱ्हाड, कोकरे आणि बांधलेल्या कोंबड्या घेऊन जे ठेंगणे घोडे मागून चालत येते, त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. वास्तविक गीतातले तट्टू याच कुळातले!

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांत अरबी आणि तुर्की घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन ही जात घडली. बांधा लहान, पण अंग काटक. घाट चढावा, मिळेल त्या चाऱ्यावर रात्र काढावी आणि सकाळी पुन्हा दौडीस सिद्ध व्हावे, असा तिचा लौकिक. मराठी फौजांची दूरदूरची मजल अशाच घोड्यांच्या बळावर झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, घोडदळे मोडली आणि या घोड्यास वाली उरला नाही. तेव्हा त्यास सांभाळले ते धनगरांनी. इतिहासाच्या अभिमानाने नव्हे, तर गरजेपोटी. २०२४-२५ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. हे योग्यच झाले; मात्र नोंदवहीत नाव चढल्याने घोड्याचे पोट भरत नाही.

अमेरिकेत मस्टँग नावाचे घोडे मोकळ्या रानात हिंडतात. स्पेनच्या लोकांनी तेथे नेलेल्या घोड्यांचे ते वंशज. त्यांना पकडून मारले जाऊ लागले, तेव्हा व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंनी चळवळ उभारली. शाळकरी मुलांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७१ मध्ये त्या घोड्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. मस्टँगला मोकळे रान हवे. भीमथडीच्या तट्टास मात्र मेंढपाळाची सोबत हवी. गायराने आटली आणि बिऱ्हाड टेम्पोत चढले, म्हणजे धनगर तरी घोडे कशासाठी पोसणार?

म्हणून घोड्याचे रक्षण करावयाचे तर आधी त्याच्या धन्याची वाट मोकळी ठेविली पाहिजे. मेंढरे येतील तेव्हा कळंब परिसरातील गावांनी गायरानाचा एक कोपरा व पाणवठा खुला करावा, पशुवैद्यांनी मेंढरांबरोबर घोड्याचेही खूर पाहावेत. याला काही फार मोठा खर्च येत नाही.