पुंडांना परवाना

भ्रष्ट अंमलदारांच्या जाचाला कंटाळून ल्यांगशानच्या दलदलीचा आश्रय घेतलेल्या १०८ पुंडांची जी कथा चीनमधील ‘शुइहू झुआन’ या कादंबरीत आली आहे, ती जपानात ‘सुईकोदेन’ या नावाने लोकप्रिय झाली. आणि रेशीम रंगविणाऱ्या एका रंगाऱ्याचा मुलगा उतागावा कुनियोशी याने १८२७ च्या सुमारास एदो शहरात त्यांतील एकेका पुंडाचे स्वतंत्र ठसेचित्र काढावयास आरंभ केला, तेव्हा तोवर उपेक्षित राहिलेल्या या चित्रकाराचे दैव एकाएकी उघडले. आज संग्रहालयाच्या मंद प्रकाशात आपण त्या चित्रांच्या रेषांची तारीफ करतो आणि पुढे सरकतो. ती तारीफ अस्थानी नाही, पण माझ्या मते फार अपुरी आहे.

ज्या राज्यात १७९० पासून तपासनिसाची मोहोर उमटल्यावाचून चित्र छापता येत नसे, आणि जेथे हिदेयोशी या जपानच्याच जुन्या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल १८०४ मध्ये उतामारोसारख्या थोर कलावंताच्या हातांत बेड्या पडल्या, तेथे सरकारी अंमलदारांना झोडपणारे हे बंडखोर रीतसर मोहोर घेऊन दुकानांत टांगले गेले, कारण ते परमुलखातले होते आणि कैक शतकांपूर्वीचे होते. तपासनिसाला त्यातली मेख कळली नसेल, असे मी मानीत नाही. परंतु कलमात न बसणाऱ्या गोष्टीकडे काणाडोळा करणे ही दफ्तरी बुद्धीची जुनी खोड आहे, आणि कलेवर तिचे उपकार थोडेथोडके नाहीत.

या पुंडांपैकी चांग शुनचे चित्र पाहावे. दातांत सुरी धरून, जलद्वाराचे जाड गज बाहुबळाने वाकवीत तो पट्टीचा पोहणारा नगरात शिरू पाहत आहे, आणि हाच क्षण त्याचा अखेरचा ठरणार हे कथा जाणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होते. त्या ताणलेल्या स्नायूंचे श्रेय एकट्या कुनियोशीचे नव्हे. त्याचे रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून, ते कायमचे नष्ट करीत, केसाएवढी रेषा उभी ठेवणाऱ्या कोरक्याचा आणि रंगागणिक वेगळी फळी अचूक जुळविणाऱ्या छापणाऱ्याचाही त्यात वाटा आहे, आणि तो आपण सहसा विसरतो.

मूळ कादंबरीत अंगभर गोंदलेले वीर मोजकेच. कुनियोशीने मात्र ते गोंदण सढळ हाताने वाटले, आणि त्यांतल्या शिशिन या वीराच्या अंगावरचे नऊ नाग-व्याल पाहून एदोचे सुतार, पालखीवाले आणि विशेषतः आग विझविणारे बंब-गडी तशीच चित्रे आपल्या पाठीवर काढवून घेऊ लागले. या गड्यांच्या जाड अंगरख्यांच्या आतल्या बाजूसही असे वीर रंगविलेले असत. आग विझेपर्यंत ते अंगाशी दडून राहत, आणि ती विझली की अंगरखा उलटा करून गडी त्यांना मिरवीत घरी परतत.