साईडबार म्हणजे अडगळ नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांपैकी जे कुणी संगणकवाले हे वाचत असतील, त्यांनी मनावर घ्यावं. अगदी जरूर घ्यावं!

विषय आहे टेम्प्लेट बदलण्याचा. जुनी साईट नव्या साच्यात घालायची म्हटली की आमची हुशार मुलं एकच मंत्र म्हणतात, "मजकूर तोच राहणार, फक्त मांडणी बदलणार." ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात मधल्या चौकोनात जे असतं तेवढं नव्या घरी जातं, आणि बाजूच्या पट्टीतलं, तळातलं, डोक्यावरचं सगळं 'मांडणी' या नावाखाली कचऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच, की काय मजकूर आणि काय मांडणी हे साच्याने ठरवायचं नाही. ते लिहिणाऱ्याने ठरवायचं.

उदाहरण घरचंच देतो. माझी आत्या ब्लॉगरवर पाककृती लिहायची. सगळीकडे "दोन वाट्या", "एक लहान डाव" असला हिशोब, आणि शेवटी एक ओळ ठरलेली, "मापं बाजूला दिली आहेत." ती मापं साईडबारमधल्या छोट्या चौकटीत होती. तिची वाटी केवढी, डाव केवढा, तांदूळ कुठला. एकदा लिहून ठेवलं की दर वेळी लिहायला नको, हा तिचा साधा विचार. 2011 साली आत्या गेली. 2013 साली घरातल्याच एकाने, अगदी प्रेमापोटी, ब्लॉगला नवं देखणं टेम्प्लेट चढवलं. तेव्हा ब्लॉगर अशा वेळी विचारायचा, नव्या टेम्प्लेटमध्ये ही ही विजेट्स नाहीत, ठेवू की काढून टाकू? गड्याने 'काढून टाका'वर टिचकी मारली. झालं!

आज सगळ्या पाककृती जशाच्या तशा आहेत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. प्रत्येकीच्या शेवटी मापं बाजूला दिली आहेत असं लिहिलेलंही आहे. फक्त बाजूला काही नाही. दिवाळीत अनारसे करायला बसलं की एक म्हणते वाटी म्हणजे आमटीची, दुसरी म्हणते तुपाची. विचारणार कुणाला?

"पण मी टेम्प्लेटची प्रत उतरवून घेतली होती!" असं तो अजून म्हणतो. घेतली होती ना. पण त्या काळी उतरवलेल्या त्या फाईलमध्ये विजेटचं नाव आणि जागा असायची, आत लिहिलेलं नसायचं. घराचा नकाशा जपला आणि कपाटातलं सामान गेलं, त्यातली गत.

तुम्ही म्हणाल, हे एका घरचं रडगाणं. बरं, मग मराठी वेबचं घ्या. युनिकोड रुळण्याआधी मराठी साईट्स आपापल्या फॉन्टवर चालायच्या. आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, ती देवनागरीच्या रूपात दाखवायचा तो फॉन्ट. कुठला फॉन्ट वापरायचा हे सांगणारी ओळ कित्येकदा साच्यातच असायची. अशा पानाचा साचा काढून मजकूर 'जसाच्या तसा' हलवला, की समोर येते निव्वळ गिचमिड. आता सांगा, ती एक ओळ मांडणी होती की मजकूर?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पानांचे पत्ते बदलू नका, असं 1998 सालीच लिहून ठेवलं. पत्त्यांची काळजी निदान जाणती मंडळी घेतात, जुन्यावरून नव्याकडे वाट वळवून ठेवतात. पण पत्ता शाबूत ठेवून आतलं अर्धं पान उडवलं तर त्या पत्त्यावर यायचं कशाला?

"मग काय, ती पळती अक्षरं, तो बंद पडलेला भेटींचा काउंटर, सगळं जन्मभर वागवायचं?" नाही हो. मोबाईलवर तीन रकाने वाचता येत नाहीत, हेही मान्य. टाकायचं ते खुशाल टाका. पण विचार करून टाका, नकळत नको. वर्डप्रेसला एवढी अक्कल आहे. थीम बदलल्यावर ज्या विजेटला जागा उरत नाही, ते 'निष्क्रिय विजेट्स'मध्ये जाऊन बसतं. आपली आजी नको असलेलं भांडं माळ्यावर ठेवायची, तसं. यंत्राला जमतं ते माणसाला का जमू नये?

करायचं फार काही नाही. साच्याला हात लावण्याआधी पानावरच्या एकेका घटकाची कागदावर यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: ठेवा, हलवा किंवा टाका. त्यातला मजकूर साध्या फाईलमध्ये उतरवून घ्या. मग लेखांमध्ये 'बाजूला', 'वर', 'खाली' असे शब्द शोधा, कारण ते ज्याच्याकडे बोट दाखवतात ते हललं तर वाक्य खोटं पडतं. नव्या साच्यात जागा नसेल तर वेगळं पान करून तिथे ठेवा. आणि ज्याचं पान आहे तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा. फोन करायला काय पैसे पडतात?

नवं टेम्प्लेट चढवायला एक दुपार लागते, ही यादी करायला अर्धा तास. तेवढाही वेळ नसेल तर कृपा करून जुनंच राहू द्या. कुरूप दिसेल, पण पुरतं वाचता तरी येईल.

असो. तुमच्या साईडबारमध्ये काय काय लिहून ठेवलंय, ते आज एकदा बघून घ्या.